मदत हवी आहे: प्रस्तावातला नकाशा आणि बांधकामाचा नकाशा जुळत नाही, काय काय तपासायचं?

गुण्या
बारा मजली निवासी इमारत आहे. प्रस्तावाच्या वेळचे नकाशे आणि साइटवर आलेले जीएफसी (प्रत्यक्ष बांधकामासाठी मंजूर) नकाशे शेजारी ठेवल्यावर चार फरक दिसले. हॉल आणि बेडरूमच्या मधला, बाहेरच्या भिंतीतला कॉलम २३०×६०० मिमी होता, तो २३०×९०० झालाय. बाथरूममागची डक्ट (पाइप नेण्याची उभी पोकळी) ४५० मिमीची ७५० झाली आणि बाथरूम १५०० वरून १२०० वर आलं. बेडरूमची खिडकी १८०० ऐवजी १५००. आणि खिडक्यांवरचे ६०० चे छज्जे गायब. यातलं अपरिहार्य किती आणि पैसे वाचवायला केलेलं किती, हे ओळखायचं कसं? सध्या बेसमेंटचं काम चालू आहे.

ओळंबा
आर्किटेक्टच्या नकाशात बदल दिसला की त्याचं कारण दुसऱ्या कुणाच्या तरी नकाशात सापडतं का ते बघा. सापडलं तर बदल बहुतेक खरा. नाही सापडलं तर कात्री लागली असं समजा.

कॉलमचं कारण कॉलम शेड्यूलमध्ये, म्हणजे स्ट्रक्चरलच्या नकाशातल्या मजलावार कॉलम-मापांच्या तक्त्यात मिळेल. प्रस्तावाच्या वेळी कॉलम ठोकताळ्याने धरतात. माती तपासणीचा अहवाल आणि वारा-भूकंपाचं गणित नंतर येतं, तेव्हा ते वाढणारच. पण शेड्यूल शेवटपर्यंत वाचा. पुष्कळदा वरच्या मजल्यांवर कॉलम पुन्हा ७५० किंवा ६०० होतो आणि आर्किटेक्टच्या ऑफिसात मात्र तळाचाच प्लॅन सगळ्या मजल्यांना चिकटवलेला असतो.

डक्टचं कारण प्लंबिंगच्या नकाशात मिळेल, आणि ते खरं आहे. ४५० मध्ये ११० चे पाइप बसतात, दुरुस्तीला उतरणाऱ्या माणसाचे खांदे बसत नाहीत.

खिडकीचे ३०० आणि कॉलमचे ३०० हा योगायोग वाटत नाही. कॉलम कुठल्या बाजूला वाढलाय?

गुण्या
बेडरूमच्या बाजूला. हॉलकडची कड जागच्या जागी आहे.

ओळंबा
मग खिडकी कॉलमने खाल्ली. फाउंडेशन झालंय, त्यातून कॉलमच्या सळ्या वर आल्यात, म्हणजे कॉलम आता हलत नाही. पण खिडकी लहान करण्याऐवजी पलीकडे ३०० सरकवता येते का विचारा. पलीकडे निदान २०० ची भिंत उरली पाहिजे, नाहीतर पडद्याचा रॉडही नीट बसत नाही आणि वॉर्डरोबची बाजू खिडकीवर येते.

करणी
बाथरूमचा आकडा सोडू नका. १२०० हे कच्च्या भिंतीचं माप आहे. दोन्हीकडे प्लास्टर, अ‍ॅडेसिव्ह आणि टाइल धरून साधारण २७-२७ मिमी जातात, हातात उरतात ११४५ च्या आसपास. कमोड या रुंदीच्या दिशेने तोंड करून असेल, तर त्याची साधारण ७०० लांबी वजा करा. पुढे ४५० सुद्धा राहत नाहीत, गुडघे भिंतीला. तो लांबीच्या दिशेला फिरवून घ्या, पण मैल्याच्या पाइपची जागा त्याबरोबर बदलते, म्हणून स्लॅबमधल्या स्लीव्हचा (पाइपसाठी सोडलेल्या भोकांचा) नकाशा निघायच्या आत.

नकाशे एकावर एक ठेवताना ग्रिड लाइन (कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या आखीव रेषा) जुळवा, भिंती नाही. भिंती जुळवल्या की सरकलेला कॉलम झाकला जातो. कोपऱ्यातला रिव्हिजनचा रकानाही वाचा. आर्किटेक्टचा आर-४ आणि स्ट्रक्चरलचा आर-२ असेल, तर दोघांपैकी एकाला दुसऱ्याचा बदल माहीत नसण्याची शक्यता मोठी.

आणि नुसत्या प्लॅनवर थांबू नका, सेक्शन (इमारतीचा उभा छेद) मागा. तिथले बदल नाहीतर ताबा घेतानाच कळतात. मजला ते मजला ३००० असेल, तर १५० चा स्लॅब आणि ५० ची फरशी जाऊन २८०० उरतात. पण ६०० खोलीचा बीम खोलीच्या मधून गेला की त्याखाली २३५०. प्रस्तावात हा बीम बहुधा नसतोच.

ओळंबा
सेक्शनबद्दल +१.

छज्ज्याचं कारण ना स्ट्रक्चरलमध्ये सापडेल, ना प्लंबिंगमध्ये. ही सरळ काटकसर. दर मजल्याला वेगळं शटरिंग लागतं, ते वाचवलंय. परिणाम असा की भिंतीवरून वाहत आलेलं पाणी थेट खिडकीच्या चौकटीच्या वरच्या सांध्यात शिरतं. छज्जे परत मिळाले तर उत्तमच. नाहीच तर खिडकीच्या माथ्याला ड्रिप मोल्ड (पाणी आत न येता खाली टपकावं म्हणून केलेली कड) आणि सिलला, म्हणजे खिडकीच्या खालच्या पट्टीला, बाहेरच्या बाजूला उतार, हे दोन्ही तपशील नकाशावर लिहून घ्या. तोंडी ‘करू’ म्हटलेलं गवंड्यापर्यंत पोचत नाही. एसीच्या आउटडोर युनिटची जागाही बघा, बऱ्याचदा ती छज्ज्यावरच धरलेली असते.

शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) कुठलं आहे?

गुण्या
अ‍ॅल्युमिनियम. ऑर्डर अजून गेलेली नाही.

करणी
मग घाई करा. त्यात बाहेरच्या भिंतीही काँक्रीटच्या होतात आणि खिडकीचं भोक साच्यातच असतं. शेल ड्रॉइंगवर (ज्यावरून साचा बनतो त्या नकाशावर) सही झाली की ते भोक बाराही मजल्यांवर तसंच येतं. खिडकी, छज्जा आणि स्लीव्ह, तिन्ही मुद्दे एकाच पत्रात, नकाशाचा नंबर आणि रिव्हिजन टाकून, त्या सहीच्या आधी पाठवा.