एईओ टी-1 आणि डीपीडी: न्हावा शेव्यातील सुधारणांचा छोट्या आयातदाराला लाभ किती?

प्रश्न (लघुउद्योजक, पुणे)
नमस्कार. बेकरी व्यवसायाला लागणारी कोको पावडर आणि इतर काही कच्चा माल आम्ही न्हावा शेवा बंदरामार्गे मागवतो. वर्षाकाठी दहा-बारा बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क विभागाकडे भरायची आयातीची कागदपत्रे) होतात आणि बहुतेक माल एलसीएलनेच, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून येतो. एका बैठकीत असे ऐकले की सीमाशुल्क विभाग आता उद्योगाला भागीदार मानतो, विश्वासार्ह आयातदाराच्या मालाची तपासणी क्वचितच होते आणि लघुउद्योगांसाठी एईओ टी-1 च्या, म्हणजे विश्वासार्ह व्यापाऱ्याला विभाग देतो त्या प्रमाणपत्राच्या पहिल्या पायरीच्या, अटीही सैल केल्या आहेत. प्रत्यक्षात आमची मागची खेप जहाज लागल्यापासून गोदामात येईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे गेले आणि सीएफएसच्या (बंदराबाहेरील कंटेनर गोदामाच्या) भाड्याने नफा खाऊन टाकला. टी-1 चा खटाटोप करावा का, आणि त्यामुळे आम्हाला डीपीडी (डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी) मिळेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (कस्टम्स ब्रोकर, उरण)
डीपीडीचे उत्तर आधी देतो: एलसीएल मालाला तिचा उपयोग नाही. डीपीडीमध्ये कंटेनर सीएफएसमध्ये न जाता टर्मिनलवरून थेट आयातदाराकडे जातो. आपल्या कंटेनरमध्ये मात्र अनेकांचा माल असतो आणि तो वेगळा करण्यासाठी कंटेनर सीएफएसमध्ये न्यावाच लागतो. बैठकांमध्ये ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

टी-1 साठी आपण कदाचित पात्र ठराल. सर्वसाधारण अर्जदाराला मागील वर्षात 25 सीमाशुल्क दस्तऐवज दाखवावे लागतात; लघुउद्योगांसाठी डिसेंबर 2020 च्या परिपत्रकाने ही अट 10 वर आणली, मात्र प्रत्येक सहामाहीत किमान 5 हवेत. तरीही अर्ज करण्यापूर्वी मागच्या खेपेच्या तारखा एका कागदावर ओळीने मांडाव्यात: जहाज कधी लागले, डीस्टफिंग (कंटेनरमधून माल बाहेर काढणे) कधी झाले, बिल ऑफ एंट्री कधी भरले, एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) नमुना कधी घेतला, आउट ऑफ चार्ज (सीमाशुल्काची माल सोडण्याची परवानगी) कधी मिळाला, डिलिव्हरी ऑर्डर (जहाज कंपनीचे माल देण्याचे पत्र) कधी हातात पडली. अन्नपदार्थांच्या खेपांमध्ये सीमाशुल्काच्या मूल्यांकनापेक्षा नमुना, लेबल आणि डिलिव्हरी ऑर्डर यांतच जास्त दिवस जातात, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद (निवृत्त सीमाशुल्क अधिकारी)
वरील सल्ला योग्यच आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो. डिसेंबर 2005 मध्ये जोखीम व्यवस्थापन प्रणाली आली आणि कोणते बिल अडवायचे, कोणते सोडायचे हे संगणक ठरवू लागला. 2011 मध्ये सीमाशुल्क कायद्याच्या कलम 17 मध्ये दुरुस्ती होऊन वर्गीकरण, मूल्य आणि शुल्क स्वतः ठरवण्याची जबाबदारी आयातदारावर आली. आणि 2018 मध्ये कलम 99अ घालून माल सुटल्यानंतरच्या लेखापरीक्षणाला कायद्याचे स्पष्ट अधिष्ठान मिळाले. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या, तर सरकारने नियंत्रण सोडलेले नसून ते बंदरातून उचलून आयातदाराच्या दफ्तरात नेले आहे, हे लक्षात येते. टी-1 घेणाऱ्याने आपली कागदपत्रे पाच वर्षांनंतरही कोणासमोर ठेवता येतील अशा स्थितीत ठेवली पाहिजेत. ती तयारी नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर शोभेल एवढेच.

व्यापाऱ्यांसोबत होणाऱ्या स्थायी व्यापार सुलभीकरण समितीच्या बैठकांकडे छोटे आयातदार फिरकत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. अजेंडा मोठ्या कंपन्या आणि सीएफएसचालक ठरवतात, आणि मग एलसीएलचा प्रश्न वर्षानुवर्षे मागेच पडतो.

प्रतिसाद (आयात विभाग, वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, चाकण)
साहेबांचे म्हणणे मान्य असले तरी लाभाचे वाटप सरळ सांगायला हवे. शुल्क नंतर भरण्याची मुभा 2016 च्या नियमांनी दिली ती टी-2 आणि टी-3 या वरच्या पायऱ्यांवरील आयातदारांना, आणि खेळते भांडवल मोकळे होते ते याच सवलतीमुळे. आमच्यासारख्या कंपनीला तिचा मोठा उपयोग झाला. टी-1 वर राहणाऱ्याला ती मिळाली नाही. त्याच्या वाट्याला मुख्यतः कमी बँक गॅरंटी आणि कमी तपासणी येते, आणि गॅरंटी द्यावीच लागत नसेल तर पहिला लाभ कागदावरच राहतो.

शिवाय 31 ऑक्टोबर 2020 पर्यंत देशभर फेसलेस मूल्यांकन लागू झाले. आता आपले बिल दुसऱ्याच शहरातील अधिकारी पाहतो, त्यामुळे वस्तूचे वर्णन त्रोटक असेल तर क्वेरी (अधिकाऱ्याची विचारणा) येते आणि दोन दिवस सहज जातात. ‘कोको पावडर’ एवढेच न लिहिता साखर मिसळलेली आहे की नाही, स्निग्धांश किती, पॅकिंग कोणते, हे पहिल्याच वेळी लिहावे. सीमाशुल्क दरसूचीतील शीर्षक 1805 आणि 1806 यांतील फरक साखरेवरच ठरतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. तारखा मांडल्या. नमुना घेण्यापूर्वी लेबलवर आयातदाराचे नाव आणि परवाना क्रमांक लावण्यासाठी सीएफएसमध्ये आठ दिवस गेले आणि प्रयोगशाळेचा अहवाल येण्यास आणखी पाच. टी-1 असता, तर एफएसएसएआयकडे काही सवलत मिळाली असती का?

प्रतिसाद (कस्टम्स ब्रोकर, उरण)
आपोआप नाही. 1 एप्रिल 2016 पासून स्विफ्ट एकल खिडकीमुळे अर्ज एकाच बिलातून एफएसएसएआयकडे जातो, परंतु नमुना घ्यायचा की नाही हे ती संस्था आपल्या नियमांनी ठरवते. तेव्हा आठ दिवसांचे काम आधी मिटवावे: स्टिकरचा मजकूर पुरवठादाराला पाठवून तो तिकडेच लावून घ्यावा आणि माल निघण्यापूर्वी प्रत्येक पोत्याचा फोटो मागवावा. माल सुटताना पदार्थ टिकण्याच्या एकूण मुदतीच्या 60 टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत उरलेली असावी लागते, म्हणून उत्पादनाची तारीखही ऑर्डरमध्येच बांधून घ्यावी. आणि बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावे. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000 रुपये विलंब शुल्क लागते. पुढच्या खेपेची कागदपत्रे आली की ती मालाच्या आधी मला पाठवा, टी-1 चा अर्ज त्यानंतर पाहू.