लॉबीतलं नाताळचं झाड: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-७०२ (सांस्कृतिक समिती): नमस्कार मंडळी. आज मीटर रूममधून नाताळचं झाड बाहेर काढलं. स्टँडचा एक पाय गंजलाय, त्यामुळे उभं केलं की कलंडतंय. मधल्या काही फांद्यांची पानं झडून नुसत्या तारा दिसतायत. ऑनलाइन एक आठ फुटी झाड पाहिलंय, पांढऱ्या टोकांचं, लॉबीत शोभून दिसेल. रविवारपर्यंत ऑर्डर दिली तर वेळेत येईल. कुणाची हरकत?

सी-६०५: ताई, एक विचारू का? गणपतीला आपण शाडूच्या मूर्तीचा आग्रह धरला, मखरातला थर्माकोल बंद केला. मग डिसेंबरात आठ फुटांचं प्लास्टिक कशाला विकत आणायचं? खरं झाड आणूया.

बी-३०१: मलाही खरंच हवंय. मुलांना हात लावायला, वास घ्यायला काहीतरी असेल.

ए-५०३ (सेक्रेटरी): खरं म्हणजे नेमकं कुठलं? विलायतेतलं इथे मिळणार नाही.

सी-६०५: मागच्या कंपाउंडला सुरूचं झाड आहे ना. त्याची एक मोठी फांदी काढली तर पैसेही लागणार नाहीत.

ए-५०३ (सेक्रेटरी): फांदीला कुणी हात लावू नका, प्लीज. झाड आपल्या आवारातलं असलं तरी छाटणीसाठी पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. पावसाळ्याआधी आपण वॉर्ड ऑफिसला अर्ज करतो तो त्यासाठीच. सजावटीसाठी फांदी हवी असा अर्ज मी करणार नाही.

ए-१०१: सेक्रेटरी बरोबर बोलले. पण सुरूचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्या लहानपणी वसईला नाताळचं झाड म्हणजे सुरूच. पप्पा किनाऱ्यावरून वाऱ्याने पडलेली फांदी घेऊन यायचे, तेलाच्या डब्यात वाळू भरून ती रोवायचे. आम्ही पोरं कापूस पिंजून त्यावर बर्फ करायचो. दोन-तीन दिवसांत काड्या गळायला लागायच्या, आई सकाळ-संध्याकाळ केर काढायची. तरी तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, झाड हलवायचं नाही हे ठरलेलं.

आणि एक सांगू? आमच्याकडे पहिला मान गव्हाणीचा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेचो गावी पहिली गव्हाणी मांडली. झाड त्याच्या खूप नंतरचं, ते जर्मनीकडचं. गव्हाणीसाठी मी अजूनही आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, थाळीत नाचणी पेरते. नाताळच्या रात्री बाळ येशूभोवती बोटभर हिरवंगार गवत उभं असतं. ते विकत आणून होत नाही, रोज पाणी शिंपडावं लागतं.

बी-३०१: आंटी, या वर्षी मुलांना नाचणी पेरायला शिकवाल का?

ए-१०१: शिकवीन की. थाळी घरून आणायला सांग, नाचणी माझ्याकडे आहे.

बी-७०२ (सांस्कृतिक समिती): आंटी, गव्हाणी नेहमीप्रमाणे होणारच. प्रश्न झाडाचा आहे. मोडकं झाड लॉबीत ठेवायला मला बरं वाटत नाही. आपण दिवाळीला जेवढ्या हौसेने कंदील लावतो तेवढ्याच हौसेने नाताळ व्हायला हवा. ज्यांचा सण आहे त्यांना वाटू नये की यांनी कसंबसं उरकलं.

सी-२०४: मंडळी, दुपारपासून वाचतोय. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

खरं की प्लास्टिकचं हा वाद मूळचा थंड देशांतला. तिथे फर, स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची शेती करतात. सहा-सात फुटांचं झाड तयार व्हायला साधारण सात ते दहा वर्षं लागतात. एक कापलं की त्या जागी दुसरं रोप लावायचं. म्हणजे ते जंगल नाही, पीक आहे. तिकडे कुणी 'खरं घ्या' म्हणतो ते या शेतीच्या भरवशावर. आपल्याकडे तशी शेती नाही, आणि डिसेंबरातही दुपारी तीस अंशांवर जाणाऱ्या मुंबईत कापलेलं फर सुकायला वेळ लागणार नाही. तेव्हा तो पर्याय सोडून देऊ.

आता प्लास्टिकचं. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेने केलेला हिशोब असा: दोन मीटरच्या कृत्रिम झाडामागे साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. तेवढंच खरं झाड कचराभूमीत कुजलं तर १६ किलो, आणि जाळलं किंवा त्याचा भुसा केला तर साडेतीन किलोच्या आसपास. म्हणून कृत्रिम झाड निदान दहा वर्षं वापरलं तरच ते परवडलं असं ते म्हणतात. आकडे तिकडचे आहेत, पण आपल्या कामाची गोष्ट त्यात स्पष्ट आहे. कृत्रिम झाडाचं नुकसान बहुतेक सगळं ते बनवताना झालेलं असतं. आपलं झाड बनून गेलंय. ते आज टाकून नवीन आणलं की तेच नुकसान पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय टाकणार कुठे? त्या पानांत पीव्हीसी नावाचं प्लास्टिक असतं आणि प्रत्येक फांदीत तार पिळलेली असते. दोन्ही वेगळं करत बसायला कुणाला वेळ नाही. सुक्या कचऱ्यात दिलं तरी ते शेवटी देवनार नाहीतर कांजूरच्या कचराभूमीत जाणार. आणि वॉचमन मंडळींना आवर्जून सांगा, त्याची एकही फांदी थंडीत शेकोटीत टाकू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. ती शेकोटीभोवती बसणाऱ्यांच्याच छातीत जातात.

म्हणून माझं म्हणणं, या वर्षी जुनंच झाड दुरुस्त करून उभं करा. ताईंची हौस मला समजते, आणि त्यांचा सणाबद्दलचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे. पण नीट दुरुस्त करून, मन लावून सजवलेलं झाड 'उरकलेलं' दिसत नाही.

सी-६०५: काका, मग खऱ्याचं काय? नर्सरीत कुंडीतलं ख्रिसमस ट्री मिळतं ते?

सी-२०४: तेच लिहिणार होतो. ते अरोकेरिया. दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. एक जात नॉरफोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियाची, तिला कुक पाइन म्हणतात. रोपं इतकी सारखी दिसतात की नर्सरीत दोन्ही एकाच नावाने विकली जातात. पाइन म्हणतात, पण खरा पाइन नव्हे. उष्ण, दमट, खारी हवा याला मानवते, म्हणून मुंबईत जगतं. कापावं लागत नाही, वर्षानुवर्षं कुंडीत ठेवता येतं. खरं झाड हवंच असेल तर आपल्या शहरात मी याचंच नाव घेईन.

पण घ्यायचं तर सांभाळायचं. दर डिसेंबरात आणून फेब्रुवारीत वाळलेली कुंडी गेटजवळ ठेवायची असेल, तर त्यापेक्षा प्लास्टिक बरं.

आपल्या लॉबीत ऊन येत नाही, ही मुख्य अडचण. उजेड कमी पडला की अरोकेरियाच्या खालच्या फांद्या पिवळ्या पडून गळतात, आणि गळलेली फांदी त्या जागी पुन्हा फुटत नाही. शेंडा मोडला तरी तेच, झाड पुन्हा तसं सरळ वाढत नाही. म्हणून वर जड तारा खोचायचा नाही, फांद्यांना जड गोळे नाहीत, स्प्रेचा बर्फ तर अजिबात नाही. वर्षभर कुंडी पोडियमवर सकाळचं ऊन मिळेल तिथे ठेवायची आणि नाताळात जेमतेम दोन आठवडे खाली आणायची. त्या दिवसांतही सकाळी थोडा वेळ बाहेर पायऱ्यांवर काढली तर उत्तम.

विकत घेताना पानं बघून भुलू नका, बुंधा बघा. वरची माती बोटाने बाजूला करा. पुष्कळदा झाड भरगच्च दिसावं म्हणून एकाच कुंडीत तीन-चार रोपं दाटीने लावलेली असतात. वरून एकच झाड वाटतं. पुढे मुळं एकमेकांत गुंततात आणि सगळीच रोडावतात. एकच सरळ खोड, फांद्यांचे मजले सारख्या अंतरावर, कुंडीला खाली भोक, असं बघून घ्या. विरळ दिसलं तरी चालेल.

ए-५०३ (सेक्रेटरी): काका, मोठं झाल्यावर कंपाउंडच्या पट्ट्यात जमिनीत लावता येईल का?

सी-२०४: नको. जमिनीत ते आपल्या बिल्डिंगच्याही वर जाईल, मूळ बेटांवर चाळीस-पन्नास मीटर वाढतं. तो पट्टा अरुंद आहे, खालून ड्रेनेजची लाइन आहे. शिवाय कुक पाइन विषुववृत्ताच्या दिशेने झुकून वाढतो असा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झालाय. आपण उत्तर गोलार्धात, म्हणजे तो दक्षिणेला झुकणार. आपल्या दक्षिणेला शेजारच्या सोसायटीचं पार्किंग आहे. कुंडीतच राहू दे. दोन-तीन वर्षांनी कुंडी मोठी करायची, आणि मधून मधून ती फिरवायची म्हणजे सगळ्या बाजूंना उजेड मिळतो.

बी-७०२ (सांस्कृतिक समिती): काका, सगळं पटलं. पण नर्सरीतलं झाड दोन-अडीच फुटांचं असणार. लॉबीत कुणाला दिसणारही नाही.

ए-१०१: ते गव्हाणीशेजारी ठेवू. गव्हाणीच्या मापाला तेवढंच शोभेल. मोठं झाड त्याच्या जागी, लिफ्टसमोर.

सी-२०४: आंटींनी अगदी योग्य जागा सांगितली. मोठं प्लास्टिकचं चालेल तितकी वर्षं चालवायचं. ते पार मोडेपर्यंत कुंडीतलं माणसाच्या उंचीला येईल. मग प्लास्टिक पुन्हा विकत घ्यायचं नाही. एवढं मात्र आजच मिनिट्समध्ये लिहून ठेवा, कारण तोवर कमिटी बदललेली असेल.

सी-६०५: माझ्या मते प्लास्टिक आजच बंद व्हायला हवं होतं. पण आहे ते टाकूनही फायदा नाही, हे मान्य. माझा होकार.

बी-३०१: पोडियमवरच्या कुंडीला पाणी कोण घालणार? माळीदादा आठवड्यातून दोनदाच येतात.

सी-२०४: दोनदा बहुतेक पुरेल. वरची माती कोरडी लागली तरच पाणी. खाली ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही, मुळं कुजतात. एप्रिल-मेमध्ये मात्र रोज बघावं लागेल. ते मी बघतो, आणि मुलं बरोबर आली तर त्यांना शिकवतो.

ए-५०३ (सेक्रेटरी): लाइट्सबद्दल दोन गोष्टी. एलईडीच्याच माळा लावायच्या, जुन्या बारीक बल्बच्या गरम होणाऱ्या नकोत. आंटी, कापूस या वेळी नको, माळांजवळ पेटू शकतो. आणि झाड जिन्याच्या वाटेत नको, मागे फायर ऑडिटवाल्यांनी तिथल्या कुंड्या काढायला लावल्या होत्या. रात्री अकराला वॉचमन स्विच बंद करेल.

ए-१०१: कापूस नाही ठेवत. मुंबईच्या नाताळाला बर्फ कशाला हवा?

बी-७०२ (सांस्कृतिक समिती): ठीक. ऑर्डर देत नाही. गंजलेला पाय वेल्डरकडे नेते. नाही जमलं तर रंगाच्या जुन्या डब्यात सिमेंट ओतून खांब त्यात बसवू. उघड्या तारांची बाजू भिंतीकडे करू, उरलेल्या जागी गेल्या वर्षीच्या माळा गुंडाळू. नर्सरीत काका, तुम्ही बरोबर याल ना? बुंधा तुम्हीच बघा.

सी-२०४: येतो. शनिवारी सकाळी निघू, ऊन चढायच्या आत.

ए-१०१: मुलांनी रविवारी चार वाजता थाळ्या घेऊन माझ्याकडे यावं. नाचणी मी आदल्या रात्री भिजत घालते.

बी-७०२ (सांस्कृतिक समिती): झाड मीटर रूममधून लॉबीत आणायला दोन जण लागतील. आणि नाताळ झाला की ते नीट पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून वर माळ्यावर ठेवायचं, मीटर रूममध्ये नाही. तिथे पावसाळ्यात ओल येते, पाय तिथेच गंजला.

सी-६०५: उचलायला मी आहे. अजून एक जण सांगा.

बी-३०१: आमच्याकडचे येतील, आठनंतर.