बॅकअप सुरळीत, रिस्टोअरलाच रडारड

फाइल सर्व्हरचा बॅकअप नीट होतो, पण रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअपमधला डेटा परत आणताना, सगळं अडकतं; यावर ‘त्याच आयस्कझी (नेटवर्कवरून स्टोरेज जोडायची पद्धत) नेटवर्कवरून रोज बॅकअप होतो, म्हणजे स्टोरेज ठणठणीत, दोष बॅकअप सॉफ्टवेअरचाच’ हा काहींचा निष्कर्ष जरा घाईचा वाटतो. बॅकअपमध्ये फाइल सर्व्हरच्या ॲरेवरून (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचावरून) नुसतं वाचन होतं, रिस्टोअरमध्ये त्याच ॲरेवर धो धो लेखन. ॲरे रेड ५ पद्धतीचा (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारा) असेल तर एका छोट्या लेखनामागे जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढायला ठेवलेली जादा माहिती) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा अशा ४ खेपा पडतात. एरवी डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरची राइट कॅश (लेखन आधी झेलणारी वेगवान मेमरी) हे झाकून नेते; याला राइट-बॅक म्हणतात. पण कॅशची बॅटरी मेली की बरेच कंट्रोलर गुपचूप राइट-थ्रूवर, म्हणजे प्रत्येक लेखन थेट डिस्कवर उतरेपर्यंत थांबण्यावर, जातात आणि रोजच्या किरकोळ वापरात कुणाला पत्ताही लागत नाही.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. रिस्टोअर सुरुवातीला झकास पळायचा, लिहायचा राहिलेला डेटा साचून सर्व्हरची रॅम भरली की शेअर (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) उघडेना. विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये इव्हेंट १२९ची, म्हणजे डिव्हाइस रीसेटची, रांग. मंडळी स्विच आणि केबल बदलत बसली (नेटवर्कवाल्यांवर खापर फोडणं सगळ्यात सोपं!) आणि बॅटरीचा पिवळा दिवा रॅकच्या मागे केबलच्या गुंत्याआड लुकलुकत होता. तेव्हा आधी ॲरेच्या कन्सोलमध्ये कॅश मोड बघा. राइट-थ्रू दिसला तर बॅटरी बदला. रिस्टोअर उरकण्यासाठी बॅटरीविना राइट-बॅक जबरदस्तीने लावू नका, मध्येच वीज गेली तर कॅशमधलं सगळं जाईल.