आईला केअर सेंटरला ठेवलंय, नीट बघतात की नाही हे कसं तपासायचं? (पुणे)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, मदत हवीये, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आई ७६ वर्षांची. दिवाळीनंतर पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेल्यातच जमा, मानेनं हो-नाही करते पण कधी कधी दोन्हीला होच म्हणते. आधी घरी ब्युरोची बाई ठेवून बघितली, एकही टिकली नाही, आई अंगानं भरलेली त्यामुळे एकटीला उचलता येईना, शेवटी भाऊ पुण्यात म्हणून तिकडेच एका केअर सेंटरला ठेवलं. पण त्याची नोकरी फिरतीची आणि मी नाशिकला, म्हणजे रविवारी जमेल तसं मीच जाते.

सेंटर दिसायला छान आहे हो. खाली गणपती, फरशी चकाचक, ग्रुपवर रोज सकाळी आंघोळ घालून पावडर लावलेल्या आईचा फोटो येतो. पण मागच्या वेळी तिला कुशीवर वळवताना माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. मावशी म्हणाल्या डायपरचं रॅश आहे, पावडर लावतो. दुसरं म्हणजे कधीही जा, आई गुंगीत. डिस्चार्जच्या कागदावर झोपेची गोळी नाहीये, विचारलं तर म्हणे रात्री ओरडतात ना त्या, म्हणून डॉक्टरांनी चालू केली. कुठले डॉक्टर, कधी, काय डोस, धड कुणालाच सांगता येईना.

मला भांडायचं नाहीये. मी तोंड वाजवून निघून येणार आणि राग तिच्यावर निघणार, तिला तर सांगताही येत नाही. भाऊ म्हणतो तुझा स्वभावच संशयी. तर भेटीच्या तासाभरात नेमकं काय बघू? आणि अशा ठिकाणी सरकारी तपासणी वगैरे होते का?

निवृत्त_सिस्टर:
ताई, जन्म वॉर्डात गेलाय म्हणून लिहिते. आधी तो डाग. बोटानं दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर बरं, दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. त्यावर पावडर नको, चोळायचं तर अजिबात नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि एअर मॅट्रेस, म्हणजे पंपावर चालणारी हवेची गादी, लावायचं. टाचाही बघा, उशी पोटरीखाली हवी म्हणजे टाच अधांतरी राहते.

मग उजव्या हाताची मूठ हलकेच उघडून बघा. हे कुणी बघत नाही. लुळ्या हाताची मूठ आवळलेली असते, आत घाम आणि मळ साचून वास मारतो, नखं तळव्यात रुततात. चेहऱ्याला पावडर लावायला मिनिट लागतं, मूठ साफ करायला वेळ काढावा लागतो, त्यामुळे तिथे खरं कळतं. तसंच तोंड. कमजोर बाजूच्या गालात घास अडकून राहतो, जेवणानंतर तासाभरानं बोट फिरवलं आणि भात निघाला तर भरवणाऱ्याला घाई होती. भरवताना टेकवून नीट बसवतात का तेही बघा, आडवं पाणी पाजलं की ठसका लागतो आणि त्यातूनच न्यूमोनिया होतो.

कागद मागा, "आमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवायचेत" म्हणून, म्हणजे कुणाला राग यायचं कारण नाही. औषधांचा चार्ट, कूस बदलल्याचा चार्ट, महिन्याचं वजन. गोळी कुणी लिहिली त्यांचं नाव आणि तारीख हवीच. आणि रात्री ओरडतात तर का ओरडतात? ओला डायपर, पोट साफ नसणं, लघवीचं इन्फेक्शन, खांदा दुखणं, हे सगळं आधी बघायचं असतं, गोळी नंतर.

घाटरस्ता:
तपासणीचं म्हणाल तर आनंद आहे. १९४९ चा महाराष्ट्राचा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे, त्यात आजारी माणसं ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणाऱ्या जागा येतात, पुणे मनपा हद्दीत नोंदणी पालिकेच्या आरोग्य विभागाकडे. पण बरीच केअर सेंटर्स "आम्ही फक्त सांभाळतो" म्हणत ट्रस्ट नाहीतर शॉप अ‍ॅक्टवर चालतात. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुख्यतः पोटगीचा. केअर होमला नोंदणी सक्तीची करणारं विधेयक २०१९ ला लोकसभेत आलं खरं, कायदा काही झाला नाही. तरी नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणून विचाराच, उत्तर कसं देतात त्यावरून बरंच कळतं. अगदीच अडलं तर एल्डरलाइन ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

जर्सीकर:
इकडे अमेरिकेत मेडिकेअरच्या (सरकारी आरोग्य विमा) साइटवर प्रत्येक नर्सिंग होमचा तपासणी अहवाल सगळ्यांना वाचता येतो, तपासनीस न सांगता येतात आणि दोन तपासण्यांत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नसावं असा नियम आहे. एवढं असूनही सासूबाईंच्या वेळी आम्ही शनिवारी रात्री जाऊन बसायचो, बेल दाबली की कोण किती वेळात येतं ते बघायला. तुम्हीही रविवार सोडून जा.

स्पष्टवक्ता:
घरी आणा. आई आहे ती.

गोदाकाठ:
@स्पष्टवक्ता, घरी ठेवून झालंय, वर लिहिलंय. वाचून बोला.

बाकी सगळ्यांचे आभार. काल मधल्या वारी न कळवता संध्याकाळी गेले. डाग दाबून बघितला, लालच राहतो. मॅट्रेस आहे, पण पंपाचा प्लग काढून तिथे कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला! आणि कूस बदलल्याच्या चार्टवर दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंतच्या सह्या आधीच मारलेल्या, एकाच पेनानं. मी काही बोलले नाही, गुपचूप फोटो काढला. मूठ मात्र स्वच्छ होती, एक मावशी रोज रुमालाची गुंडाळी ठेवतात म्हणे, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गोळीचा फोटो न्यूरोला पाठवला, त्यांनी विचारलं ही कुणी दिली, आणि सेंटरच्या डॉक्टरांशी स्वतः बोलून डोस कमी केलाय. मॅनेजरना फोटो दाखवले तर ते चिडले नाहीत, कबूल केलं की रात्री २२ जणांमागे दोनच मावशी असतात. आता प्रश्न असा की इथेच ठेवू की हलवू? दुसरं एक ठिकाण बघितलंय, महाग आहे.

निवृत्त_सिस्टर:
आठवडाभर थांबा. डाग फिका पडतोय का ते रोज फोटो मागून बघा, चेहऱ्याचा नको, त्या जागेचा. कातडी फुटली तर मात्र थांबू नका, लगेच सर्जनना दाखवा. आणि हलवायचं ठरलंच तर नवीन जागेत रात्री ड्युटीवर किती जण आणि त्यात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेलं कुणी आहे का हे आधी लिहून घ्या. जुन्या करारात डिपॉझिट परतीची अट आजच वाचा, नोटीस एक महिन्याची असेल तर त्यातच अडकवतात.