दोन महिने झाले, फॉर्म कोणी भरतच नाहीये

क्वालिटीवाला: हॉस्पिटलच्या क्वालिटी टीममध्ये आहे. चूक होता होता राहिली, म्हणजे चुकीचं इंजेक्शन भरलं पण द्यायच्या आधी लक्षात आलं वगैरे, तर एक छोटा फॉर्म भरायचा असं सुरू केलंय. ट्रेनिंग झालं, पोस्टर लागले, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दोन महिन्यांत फॉर्म आले तीन, तेही तिन्ही लिफ्ट अडकते म्हणून. डॉक्टर म्हणतात वेळ नाही, सिस्टर काही बोलतच नाहीत, मॅनेजमेंट आकडा मागतंय. लोकांचा विश्वास बसणार कसा?

जुनी_सिस्टर: फॉर्मवर नाव लिहायचंय का? आणि तो वाचतं कोण? आमच्याकडे "कोणाला दोष देणार नाही" म्हणून सुरू केलेलं, एका नव्या मुलीने खरं खरं लिहिलं आणि आठवड्यात तिच्या हातात मेमो. त्यानंतर फॉर्म सोन्याच्या कागदावर छापला असता तरी कोणी हात लावला नसता.

पंखवाला: विमानवाल्यांचं बघा. अमेरिकेत १९७६ पासून पायलट, कंट्रोलर आपल्या चुका स्वतःहून कळवतात, पण नासाला, कारवाई करणाऱ्या एफएएला (तिथली विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) नाही. नासाला दंड करायचा अधिकारच नाही आणि नाव काढूनच माहिती पुढे जाते (अपघात आणि गुन्हे सोडून). तुमचा फॉर्म इन्क्रिमेंट ठरवणाऱ्याच्याच टेबलावर जात असेल तर विसरा.

ओटी_ड्युटी: वेळ नाही ही सबब नाहीये हो, खरंच नसतो. एक फॉर्म आणलात तर एक जुनं रजिस्टर बंद करा, मग बघू. आणि आकड्याच्या मागे लागू नका. डब्ल्यूएचओच्या १९ मुद्द्यांच्या सर्जरी चेकलिस्टने ८ हॉस्पिटलांत मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले, मग कॅनडातल्या ओंटारियोत ती सगळीकडे लागू केली तर १०१ हॉस्पिटलांच्या २०१४ च्या अभ्यासात म्हणावा असा फरकच नाही. का, यावर वाद आहे, पण वरून आदेश आला की लोक टिका मारून मोकळे होतात हे मी रोज बघतो.

क्वालिटीवाला: आत्ता चेक केलं, प्रत्येक फॉर्मची कॉपी एचआरला जातेय 🤦 ते बंद करायला सांगतो. नाव पण ऐच्छिक करतो. रजिस्टरचं मॅट्रनशी बोलावं लागेल, त्या ऐकतील असं वाटत नाही.

जुनी_सिस्टर: ते होईल तेव्हा होईल. लिफ्ट दुरुस्त झाली का?