लॉनच्या जागी जलपिंपळी लावावी का?

प्रश्न:
घरासमोरच्या लॉनला लागणारे पाणी आणि सततची कापणी आता झेपत नसल्यामुळे ते काढून टाकून तेथे जमिनीलगत पसरणारी जलपिंपळी लावण्याचा विचार आहे. निम्मी जागा दिवसभर उन्हात, तर उरलेली झाडाखाली आहे. या वनस्पतीवरून रोजची ये-जा चालेल का, आणि लागवडीपूर्वी जमीन कशी तयार करावी?

उत्तर १:
उन्हातल्या भागात अवश्य लावा. झाडाखाली मात्र तिच्या कांड्या लांबत जातात, पाने विरळ होतात आणि माती उघडीच राहते. तेथे ओल टिकवता येणार असेल, तर मंडूकपर्णी ही जमिनीलगत पसरणारी दुसरी वनस्पती अधिक बरी. पावसाळ्याच्या तोंडावर दोन-तीन पेरांचे तुकडे घेऊन, किमान एक पेर मातीखाली जाईल अशा बेताने वीतभर अंतरावर खोचावेत. पेरापेराशी मुळे फुटत असल्यामुळे रोपे विकत घेण्याची गरज नाही. चांगली पसरल्यावर ती अधूनमधूनची वर्दळ सोसते. रोजच्या वाटेवर मात्र फरश्याच टाका.

उत्तर २:
जमिनीत लव्हाळा हे चिवट तण असेल तर लागवडीची घाई करू नये. त्याच्या गाठी मातीत राहिल्या, तर जलपिंपळीच्या दाट जाळीतूनही तो वर येतो आणि मग तिला धक्का न लावता तो उपटणे जवळजवळ अशक्य होते. आधी माती खणून गाठी वेचाव्यात, पाणी देऊन उरलेल्यांना कोंब फुटू द्यावेत आणि पुन्हा खणावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्यासारखे नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मुले तेथे अनवाणी खेळतात. फुलांवर मधमाश्या येतात का?

उत्तर ३:
येतात, आणि भरपूर येतात. बोंडासारख्या गुच्छाच्या जांभळट मध्याभोवती इवल्या पांढरट फुलांचे कडे उमलते. पुढे गुच्छ लांबट होतो, तसे ते कडे वर सरकत जाते. मुलांच्या खेळण्याच्या पट्ट्यातले गुच्छ मोठ्या कात्रीने छाटत राहावे व कडेचे राहू द्यावेत. पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असणाऱ्या एका नारिंगी फुलपाखराच्या अळ्या हिची पाने खातात, म्हणून कुरतडलेली पाने दिसताच फवारणी करू नका. शेजारी भाजीचे वाफे असतील, तर मध्ये विटा उभ्या गाडून घ्या आणि त्यांवरून पलीकडे जाणाऱ्या फांद्या मुळे धरण्याआधीच कापा.