नुसतं लिहायचं-वाचायचं ॲप कॉलेजची पोरं वापरतील का?

वाचनकट्टा_सांगली:
आमच्या कट्ट्यावर सगळे चाळिशीच्या पुढचे, नवीन पोरं यावीत म्हणून थ्रेड्सवर, म्हणजे इन्स्टावाल्या कंपनीच्याच लिहायच्या ॲपवर, अकाउंट काढायचं मनात आहे. पण पोरं दिवसभर रील्स बघतात, ५०० अक्षरांची पोस्ट वाचायला कोण थांबणार? 'कू' ह्या तशाच भारतीय ॲपवर मराठीसकट सगळं होतं तरी ते २०२४ च्या जुलैत बंद पडलंच ना. मेहनत घ्यावी का नको?

रात्रपाळी:
कू आणि थ्रेड्स एका तराजूत नका घालू. कूला माणसं शून्यापासून जमवायची होती, थ्रेड्स इन्स्टाच्या अकाउंटने उघडतं, फॉलो केलेल्यांची यादी आयती मिळते, म्हणून तर जुलै २०२३ मध्ये पाच दिवसांत १० कोटी लोक आले. पण नंतर वापर बराच घसरला, एक कारण म्हणजे सुरुवातीला फक्त आपल्या लोकांच्या पोस्ट दाखवणारं फीडसुद्धा नव्हतं, उघडलं की सगळे अनोळखी. येणं सोपं हो, थांबणं अवघड.

टीवायची_मुलगी:
मी वीस वर्षांची आहे. आम्ही वाचत नाही हे खरंच चुकीचं आहे, रील संपायच्या आधी आम्ही कमेंट्स उघडतो आणि तिथेच जास्त वेळ जातो. फोटो टाकायचा तर कपडे, चेहरा, मागची खोली सगळं बघावं लागतं, लिहिताना ते टेन्शन नसतं. पण थ्रेड्सवर इन्स्टावरचे मामा, काका, आत्या पण येतात, मग मनातलं कसं लिहिणार? म्हणून माझ्या दोन मैत्रिणी रेडिटवर लिहितात, तिथे खरं नाव लागत नाही. आणि काका, पुस्तकाचा फोटो टाकून 'अवश्य वाचा' लिहिलंत तर आम्ही पुढे सरकणार. कुठलं पात्र डोक्यात गेलं ते विचारा, भांडायला नक्की येऊ.

जुना_ऑर्कुटकर:
हिचं म्हणणं मनावर घ्या. ऑर्कुट ह्या जुन्या सोशल साइटच्या कम्युनिटीजवर आम्ही पण असेच रात्र रात्र वाद घालायचो, बहुतेक मराठी इंग्रजी अक्षरांत. आताची पोरंही तशीच टाइप करतात, कृपा करून पहिल्याच कमेंटखाली कुणाचं शुद्धलेखन सुधारू नका, तो पोरगा परत येणार नाही.

वाचनकट्टा_सांगली:
शुद्धलेखनाची खोड मलाच आहे, सोडतो. रविवारी अकाउंट काढतोय, पहिला प्रश्न: कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत आणि कुठल्या पानावर?